‘ओहोटी’ची पहिली चाळीस सेकंदं

“हे बघ,” इनास म्हणाला आणि बेस गिटारच्या दांडीवर त्यानं डावा हात ठेवला.

पहिली दोन बोटं जिथं पडायला हवीत तिथं पडली. अनामिका आणि करंगळी मात्र तारेला टेकता टेकता आत वळली आणि तळव्यात जाऊन बसली. त्यानं उजव्या हातानं ती ओढून सरळ केली, परत तारेवर ठेवली. परत आत.

“दुखतं?”

“दुखत नाही, तेच तर. दुखलं असतं तर डॉक्टरला सांगायला काहीतरी होतं.” त्यानं हात उचलून पंजा उघडला, मिटला. सगळी बोटं नीट हलली. “पाण्याची बादली उचलतो, केळीचा घड उतरवतो, शर्टाची बटणं लावतो. काही होत नाही. बेस हातात घेतला की ही दोघं घरात जाऊन दार लावून बसतात.”

वसईजवळ नंदाखालला त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. फेब्रुवारी ब्याऐंशी, रविवार. चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर त्यानं चांगला शर्ट काढून खुंटीला लावला होता आणि बनियनवर बसला होता. आत त्याची बायको कोन्सू मासळी तळत होती. पुढच्या मंगळवारपासून तीन दिवस माहीमच्या एका स्टुडिओत आमचं रेकॉर्डिंग होतं. आमच्या बँडची पहिली तबकडी. तिच्यासाठी मी वर्षभर एका कंपनीचे उंबरठे झिजवले होते.

“कधीपासून?”

“नाताळच्या आधीपासून. आधी करंगळी, मग ही.”

“कुणाला सांगितलंस?”

“तुला.” मग आवाज उतरवून म्हणाला, “कोन्सूलासुद्धा नाही. ती नवस बोलत बसेल.”

“केर्सीला?”

“केर्सीला सांगितलं की ताडदेवपासून दादरपर्यंत सगळ्यांना कळेल. नको.”

केर्सी आमचा ड्रमर. मी गायचो आणि गिटार वाजवायचो. इनास तुस्कानो बेस वाजवायचा. तिघांचाच बँड होता, ‘सॉल्टपॅन’ नावाचा. नाव इनासनं दिलेलं. त्याच्या मामाची मिठागरं होती. सहा वर्षं आम्ही कॉलेजांच्या गॅदरिंगांत, जिमखान्यांत, एकदा तर एका गणेशोत्सवातही वाजवलं होतं. तिथं लोकांनी आम्हाला दोन गाण्यांनंतर हात जोडून उतरवलं होतं.

पण त्या काळी मुंबईत ज्यांना खरोखर कळत होतं, ती माणसं इनाससाठी यायची. मोठ्या हॉटेलांत वाजवणारे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाणारे बेसवाले आमच्या कार्यक्रमाला येऊन स्टेजच्या त्याच्या बाजूला उभे राहायचे. माझ्या बाजूला मोकळी जागा असायची. इनासचे वडील गावातल्या लग्नांत घुमट वाजवायचे. मडक्याला घोरपडीचं कातडं लावलेलं ते वाद्य लहानपणापासून त्याच्या कानावर होतं. “मी गिटार वाजवतच नाही,” तो म्हणायचा, “मी चार तारांचा घुमट वाजवतो.” त्याचा बेस गाण्याला खालून टेका द्यायचा नाही. पुढे जाऊन उभा राहायचा आणि बाकीच्यांना बोलवायचा.

“मग रेकॉर्डिंगचं काय?” मी विचारलं.

“दोन बोटं आहेत ना.”

“दोन बोटांत ‘ओहोटी’ कशी वाजेल?”

‘ओहोटी’ हे आमचं एकुलतं एक मराठी गाणं. शब्द माझे, चाल दोघांची. सुरुवातीची चाळीस सेकंदं नुसता बेस. तिथं इनास चारही बोटांनी तारांवरून असा धावायचा की केर्सीसुद्धा काठ्या मांडीवर ठेवून ऐकत बसायचा.

“बघू,” इनास म्हणाला. “आठ दिवस आहेत.”

कोन्सूवहिनींनी आतून जेवायला हाक मारली. त्यानं बेस पेटीत ठेवला, वर फडकं घातलं आणि पेटी लावताना म्हणाला, “गुप्ते, मला जमलं नाही तर तू सांग. तोंडावर सांग. वाईट वाटून घेणार नाही.”

मी हो म्हटलं.

स्टुडिओ तळमजल्यावर होता. भिंतींना तागाचं कापड, जमिनीवर विटलेला गालिचा आणि काचेपलीकडे चितळकर. चितळकर पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट घालणारे, सतत सुपारी चघळणारे गृहस्थ. भावगीतं आणि साबणांच्या जाहिराती ध्वनिमुद्रित करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. केर्सीचे ड्रम आत येताना त्यांनी तोंड असं केलं, जणू कुणी घरात म्हैस आणतं आहे.

“आठ ट्रॅक आहेत,” ते म्हणाले. “ड्रमला चार दिले. उरले चार. त्यात काय ते बसवा.”

मंगळवारी तीन इंग्रजी गाणी झाली. इनास खुर्चीवर बसून, भिंतीकडे अर्धवट तोंड करून वाजवत होता. उभा राहून वाजवणारा माणूस बसला म्हणून केर्सीनं विचारलं, तर तो म्हणाला, पाठ धरली आहे. सोप्या जागा होत्या. दोन बोटांत निभावल्या. बुधवारी दुपारी ‘ओहोटी’ घेतली.

त्या दुपारची ‘ओहोटी’ मला नीट सांगता आली पाहिजे, कारण ती ऐकलेला आता मी एकटाच उरलो आहे.

त्यानं सुरुवात केली आणि मला वाटलं तो विसरला. जिथं पूर्वी चार सूर असायचे तिथं एकच आला. मग काही नाही. मी मान वर केली. त्याचे डोळे मिटलेले होते. आता हा थांबणार आणि ‘परत घेऊ’ म्हणणार, असं वाटेपर्यंत दुसरा सूर आला. तो जिथं आला तिथंच यायला हवा होता, हे तो आल्यावर कळलं. चाळीस सेकंदांत त्यानं पंधरा-सोळा सूर वाजवले असतील. मधल्या जागांत त्यानं काही केलं नाही, आणि त्या जागा नुसत्या बसून राहिल्या नाहीत. समुद्रात घोटाभर पाण्यात उभं राहिल्यावर लाट मागं जाते आणि पायाखालची वाळू सरकते, तसं होत होतं. केर्सीला जिथं यायचं होतं तिथं तो अर्धा क्षण उशिरा आला. ऐकत राहिला होता.

गाणं संपलं. काचेमागून चितळकर म्हणाले, “ठेवू हे?”

इनासनं माझ्याकडे पाहिलं. मला जमलं नाही तर तू सांग, असं म्हणाला होता तो.

“ठेवा,” मी म्हणालो.

तो हसला. आठ दिवसांत पहिल्यांदा.

पाच वाजता कंपनीचे नाडकर्णी आले. त्यांनी उभ्या उभ्या ‘ओहोटी’ ऐकली, घड्याळ पाहिलं, म्हणाले, “छान आहे. बेस जरा कमी आहे का?” आणि गेले. इनास तेव्हा बाहेर केर्सीबरोबर चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला केळी बाजारात पाठवायची होती, म्हणून तो दुपारी दोनला येणार होता. बेसची पेटी वसईपर्यंत न्यायची आणि परत आणायची म्हणजे ताप, म्हणून ती त्यानं स्टुडिओतच ठेवली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी स्टुडिओत होतो.

“तुमचं दोनला आहे ना?” चितळकर मशीन पुसत होते.

“एक दुरुस्ती करायची आहे. ‘ओहोटी’च्या बेसमध्ये.”

“तुस्कानो कुठे आहेत?”

“त्याची तब्येत बरी नाही. त्यानंच सांगितलंय मला, तू वाजवून टाक म्हणून.”

चितळकरांनी फडकं खाली ठेवलं. “मोकळा ट्रॅक नाही. त्यांच्यावरच घ्यावं लागेल. आधीचं जाईल.”

“जाऊ द्या.”

“कालचं चांगलं झालं होतं हो.”

“नाडकर्णींना बेस कमी वाटला.”

त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिलं. “एकदा गेलं की मला परत आणता येत नाही, गुप्ते. नक्की ना?”

“नक्की.”

मी इनासचा बेस पेटीतून काढला. सहा वर्षं मी त्याच्या डाव्या हाताला चार फुटांवर उभा होतो. तो काय वाजवतो, कसं वाजवतो, कुठे श्वास घेतो, सगळं मला पाठ होतं. घरी आई-वडील झोपले की गिटारच्या खालच्या जाड तारांवर मी ते कितीदा तरी करून पाहिलं होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. चितळकरांनी कानात गाणं सोडलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बोटं सुटली. चाळीस सेकंदं मी धावलो. इनास पूर्वी धावायचा तसा, कदाचित त्याच्याहून जोरात. एके ठिकाणी खालच्या तारेवर घसरून मी अशा सुरावर आलो, जो त्यानं कधी वाजवला नव्हता. तो माझा होता. त्याआधी किंवा त्यानंतर मी आयुष्यात तसं वाजवलेलं नाही.

थांबलो तेव्हा हाताला घाम आला होता. चितळकर काचेपलीकडे सुपारी चघळायचे थांबले होते.

“गुप्ते,” ते म्हणाले, “तुम्ही गिटार कशाला वाजवता हो?”

दोन वाजता इनास आला. त्यानं बेस काढला, तारा छेडल्या, माझ्याकडे पाहिलं.

“कुणी हात लावला याला?”

“मी. सूर बघत होतो.”

“बरं,” म्हणाला आणि खुंट्या पिळू लागला. उरलेली दोन गाणी आम्ही त्या दुपारी पूर्ण केली. त्यानं कालचं ऐकायला मागितलं नाही. कधीच मागायचा नाही. वाजवलं की त्याच्या लेखी ते झालं.

मे महिन्यात तबकडीची पहिली प्रत आली. पार्ल्याला आमच्या घरी तिघं जमलो. केर्सीनं केक आणला होता, माझ्या आईनं पन्हं केलं होतं. इनास मळ्यातून आल्यामुळे हातपाय धुऊन आमच्या झोपाळ्यावर बसला. ‘ओहोटी’ दुसऱ्या बाजूला पहिली होती. मी मुद्दाम पहिली बाजू आधी लावली, आणि ती संपल्यावर आईला मदत करण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. तबकडी केर्सीनंच उलटली.

मी पेले भरत होतो. बाहेर ती चाळीस सेकंदं सुरू झाली.

“साला इनास!” केर्सी ओरडला. “काय वाजवलं आहेस तू! मला आठवतच नाही असं! मी काय झोपलो होतो काय तेव्हा?”

झोपाळ्याची कुरकुर थांबली होती.

मी पन्हं घेऊन बाहेर आलो. इनास मान खाली घालून ऐकत होता. गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, “परत लाव.” केर्सीनं परत लावलं. त्या घसरून आलेल्या सुरापाशी त्यानं डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातला पेला घेतला.

“चांगलं झालंय,” तो म्हणाला. “काकू, पन्हंही चांगलं झालंय.”

केर्सी तासाभरानं गेला. इनासला सोडायला मी जिन्यापर्यंत आलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

“कधी?”

“गुरुवारी. सकाळी.”

“माझ्याच बेसवर?”

“हो.”

“माझं कुठंय?”

“ट्रॅक शिल्लक नव्हता.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कठड्यावर हात ठेवला. तो डावा हात, आणि पाचही बोटं सरळ.

“तू ‘ठेवा’ म्हणालास,” तो म्हणाला. “मी तुझ्याकडे बघितलं आणि तू ‘ठेवा’ म्हणालास.”

“नाडकर्णींना आवडलं नाही, इनास. बेस कमी आहे म्हणाले. मी काय करणार होतो? त्यांनी तबकडीच रद्द केली असती तर?”

“काय म्हणाले? नेमकं काय म्हणाले?”

“बेस जरा कमी आहे का, असं.”

“आवाज, गुप्ते,” तो म्हणाला. “आवाज कमी आहे असं म्हणाले ते. चितळकरांनी एक बटण वर सरकवलं असतं.”

ते मला बुधवारी पाच वाजताच कळलं होतं.

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून कचऱ्याची बादली बाहेर ठेवली. मग दार लागलं.

“तुला वाजवायचं होतं,” तो म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही.

“मी कंपनीला सांगतो,” मी म्हणालो. “वेष्टनावर अजून नावं छापायची आहेत. खरं ते छापू देत. किंवा आपण परत जाऊ, परत वाजव तू, मी चितळकरांच्या पाया पडतो—”

“परत येणार नाही ते.” मग तो एक पायरी उतरला आणि वळला. “वेष्टनावर माझंच नाव राहू दे. बेस, इनास तुस्कानो. आणि हे तू कुणाला सांगायचं नाही. केर्सीला नाही, आईला नाही, बायको करशील तेव्हा तिला नाही. शब्द दे.”

“इनास—”

“शब्द दे.”

मी दिला. मला रडू आलं. त्यानं मला माफ केलं आहे, माझी लाज राखतो आहे, असंच मी समजलो. खूप वर्षं मी असंच समजत होतो.

त्यानंतर इनासनं बेस वाजवला नाही. विचारणाऱ्यांना सांगायचा, मळा मोठा आहे, वेळ नाही. बँड पावसाळ्यापूर्वीच मोडला. केर्सी कॅनडाला गेला आणि तिकडेच वारला. तबकडी कुणी घेतली नाही. कंपनीनं उरलेल्या प्रती कुठं टाकल्या देव जाणे. मी एका जाहिरात कंपनीत लागलो, लग्न केलं, जिंगल्सना गिटार वाजवत राहिलो.

तेवीस वर्षांनी पुण्याच्या एका कॉलेजकुमारानं ती तबकडी जुन्या बाजारात उचलली आणि ‘ओहोटी’ इंटरनेटवर टाकली. पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. मराठीत रॉक वाजवणारी जी पोरं आज आहेत, त्यांतला प्रत्येक जण ती चाळीस सेकंदं घरात दार लावून शिकलेला आहे. कुणी त्यावर लेख लिहिले, कुणी एकेक सूर कागदावर उतरवला. घसरून आलेल्या त्या सुराला पोरं ‘तुस्कानो घसर’ म्हणतात. एका जाणकारानं लिहिलं, की बाकीच्या पाच गाण्यांत तुस्कानो हात राखून, जेमतेम वाजवतो, पण ‘ओहोटी’त तो खरा कळतो. त्याच लेखात माझ्याविषयी एक ओळ होती. गिटार सामान्य आहे.

पोरं नंदाखालला जाऊ लागली. केळीच्या बागेत त्याच्याबरोबर फोटो काढू लागली. मला वाटलं होतं, इनास त्यांना टाळेल, संकोचेल. तो नाही संकोचला. पुण्यात त्याच्या नावानं दरवर्षी महोत्सव सुरू झाला. तो पांढरा सदरा घालून यायचा, शाल घ्यायचा, आणि चाळीस सेकंदं कशी सुचली असं विचारलं की शांतपणे सांगायचा. वडिलांचा घुमट, लग्नाची वरात, सगळं सांगायचा. मी शेजारच्या खुर्चीवर असायचो. मला प्रत्येक वर्षी बोलवायचे, ते त्याच्या आग्रहामुळे. “गुप्ते आलाच पाहिजे,” तो आयोजकांना सांगायचा. “तो साक्षीदार आहे.” पहिल्या वर्षी घरी येताना मला वाटलं, बिचाऱ्याला एवढं तरी मिळालं. तिसऱ्या वर्षी वाटलं, हा आता तरी माझ्याकडे एकदा बघेल. सातव्या वर्षी मी गाडीत बायकोसमोर ओरडलो, की हे लोक मूर्ख आहेत, ह्यांना काही कळत नाही. तिनं विचारलं, काय कळत नाही? आणि मी शब्दाला जागलो.

गेल्या जानेवारीत इनास वारला. दफनाला मी आजारपणामुळे जाऊ शकलो नाही. महिन्याच्या मिस्सेला गेलो. मिस्सा झाल्यावर चर्चशेजारच्या सभागृहात आठवणींचा कार्यक्रम होता. अनघा टिपणीस सगळं बघत होती. सव्वीस वर्षांची मुलगी, ठाण्याची. चार वर्षं दर शनिवारी इनासकडे बेस शिकायला यायची. तो वाजवून दाखवायचा नाही, नुसतं ऐकून सांगायचा. आज बेस वाजवणाऱ्यांत तिच्याइतकं चांगलं कुणी नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सभागृहाच्या भिंतीवर तिनं त्या चाळीस सेकंदांचं लेखन मोठ्या कागदावर छापून लावलं होतं. वर इनासचा फोटो, खाली त्याची जन्म-मृत्यूची सालं. मी त्यासमोर उभा राहिलो. माझे सूर, एकेक करून, काळ्या ठिपक्यांत. ज्याला शब्द दिला होता तो गेला होता.

मी तिला बाजूच्या खोलीत बोलावलं. तिथं खुर्च्या रचून ठेवल्या होत्या आणि भिंतीला तिचा बेस टेकवलेला होता.

“अनघा, हे बाहेर लावलंयस ते इनासचं नाही,” मी म्हणालो. “ते मी वाजवलंय.”

तिनं हातातली यादी घडी करून ठेवली. “सांगा, काका.”

मी सगळं सांगितलं. बोटांचं, बुधवारचं, नाडकर्णींचं, जिन्यातलं. काही लपवलं नाही. तिनं मध्ये एकदाच विचारलं, “हे आणखी कुणाला माहीत आहे?” मी म्हटलं, चितळकरांना होतं, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. केर्सीला शेवटपर्यंत कळलं नाही.

“आणि आधीची टेप?”

“पुसली. मीच पुसून घेतली.”

तिला धक्का बसेल, ती चिडेल, रडेल, अशी माझी तयारी होती. तसं काही झालं नाही. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“अंकल म्हणाले होते, तुम्ही हे सांगाल.”

“काय म्हणाला?”

“हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा. कोन्सू आंटी होत्या, मी होते. म्हणाले, मी गेलो की गुप्ते येईल आणि ‘ओहोटी’ मी वाजवली म्हणेल.”

“मग? खरं आहे म्हणाला ना? तेवढं सांगून गेला ना तो?”

अनघानं नकारार्थी मान हलवली. ती अतिशय हळू, जपून बोलत होती. घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलतात तशी.

“म्हणाले, त्याच्याशी वाद घालू नकोस. चांगला माणूस आहे. सहा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून ऐकत होता, आता त्याला तसं वाटायला लागलंय.”

भिंतीला टेकलेला तिचा बेस माझ्यापासून दोन हातांवर होता. मागितला असता तर तिनं लगेच दिला असता. माझी बोटं सांध्यांत सुजलेली आहेत, साधा सूर दाबून धरवत नाही. मी मागितला नाही.

“काका, चहा आणू का?” तिनं विचारलं. “मग तुम्हीच पहिलं बोला. सगळ्यांत जुने तुम्हीच आहात. आणि तुमच्या गिटारबद्दलही बोला थोडं, कुणी कधी विचारत नाही.”

मी बाहेर गेलो. पहिल्या रांगेत कोन्सूवहिनी काळ्या साडीत बसल्या होत्या. मागं ऐंशी-नव्वद मुलंमुली, बरीचशी जमिनीवर. मी माइक हातात घेतला आणि इनास ती चाळीस सेकंदं कशी वाजवायचा, कोणतं बोट कुठं पडायचं, घसरताना मनगट कसं वळायचं, हे वीस मिनिटं सांगितलं. इतकं बारकाईनं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढची काही मुलं लिहून घेत होती.